आबांच्या टँकमधलं लाकूड

माशांच्या दुकानातल्या गमती मी पुष्कळदा सांगितल्या आहेत. लग्नकार्यात सांगितल्या, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितल्या. पण लाकडाचा विषय निघाला की मी दरवेळी बोलणं दुसरीकडे वळवत आलो. बायकोलासुद्धा अर्धीच हकिगत सांगितली होती. उरलेली अर्धी सांगू सांगू म्हणेपर्यंत ती गेली. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असं संपादकांनी म्हटलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. आता लिहायला बसलोच आहे तर ह्या खेपेला विषय वळवणार नाही. नावं मात्र बदलली आहेत. ज्यांना ओळख पटायची त्यांना ती पटेलच.

नाशिकमध्ये माझं रंगीत माशांचं दुकान होतं. सुरुवातीला मासे, खाद्य, हवेचे पंप एवढंच विकायचो. टँकमध्ये लोक प्लास्टिकची झाडं आणि तोंड उघडझाप करणारी मगर ठेवायचे. मग मोबाइलवर परदेशातल्या टँकचे व्हिडिओ दिसू लागले आणि गिऱ्हाइकं विचारायला लागली, "काका, ते आतमध्ये वाकडंतिकडं लाकूड असतं, तसं आहे का?"

ते लाकूड बाहेरून मागवलं तर फार महाग पडायचं. माझा एक जुना स्नेही सायखेड्याला राहायचा. त्याला रावसाहेब म्हणू. गोदाकाठी त्याची शेती होती, थोडी द्राक्षबाग, बाकी कांदा. तो म्हणाला, "शेठ, लाकूड कसलं इकत घेता? पूर ओसरला की काठाला ढीग पडतो. बाया सरपणाला नेत्यात." तेव्हापासून पाणी उतरलं की मी सायखेड्याला जाऊ लागलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लाकूड उचलायचं, धुवायचं आणि टाकायचं पाण्यात. तसं केलं तर पाणी आठवड्यात नासतं. आधी लाकूड निवडावं लागतं. अंगठ्याचं नख रुतलं तर ते आतून कुजलेलं, सोडून द्यायचं. कडुनिंब, निलगिरी असलं उग्र किंवा चिकाचं लाकूडही नको. बाभळीचा किंवा चिंचेचा जुना गाभा सगळ्यात चांगला. मग साल खरवडायची, तारेच्या ब्रशने फटी घासायच्या आणि मोठ्या पातेल्यात उकळायचं. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. ते ओतून पुन्हा उकळायचं. नंतर हौदात बुडवून ठेवायचं, वर दगड ठेवून, नाहीतर ते तरंगतं. हौदातलं पाणी बदलत राहायचं. पाणी निवळ राहू लागलं, लाकूड आपणहून तळाला बसलं आणि त्याला आंबूस वास येईनासा झाला की ते तयार. कधी कधी ह्यात सगळा हिवाळा जायचा. घाई असली तर खाली कडप्प्याचा तुकडा स्क्रूने बसवून द्यायचा, म्हणजे बुडतं.

गिऱ्हाइकं काय काय म्हणायची. एका डॉक्टरांनी लाकूड परत आणलं, का तर तरंगतंय, म्हणजे माल हलका आहे. एका गृहस्थांनी त्याला चकाकी नाही म्हणून घरी नेऊन व्हार्निश लावलं आणि मग मासे का मरगळलेत म्हणून मला बोलावलं. एका बाईंना वास्तूचा प्रश्न पडला होता. मेलेलं झाड घरात ठेवावं का? मी म्हणालो, "ताई, मग तुमच्या सोफ्यात काय आहे?" त्या हसल्या आणि लाकूड घेऊन गेल्या.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र दबक्या आवाजात यायचा. स्मशानातलं तर नाही ना? प्रश्न रास्त होता. वर नाशकात नदीकाठी चिता जळतात, पुराबरोबर अर्धवट जळकी लाकडंही खाली येतात. रावसाहेब त्यांना हात लावू द्यायचा नाही. काळं टोक दिसलं की तो ते लाकूड काठीने प्रवाहात लोटायचा, हात जोडायचा आणि पुढे व्हायचा. म्हणून गिऱ्हाइकाला मी छातीवर हात ठेवून सांगू शकायचो की माझ्या दुकानातलं लाकूड स्वच्छ आहे. मला त्याचा अभिमान होता. बाकीचे दुकानदार काय विकतात ते तेच जाणोत, माझं लाकूड मी स्वतः बघून घेतलेलं असतं, असं मी सांगायचो.

मग एका वर्षी पाऊसच बेताचा झाला. नदीला पूर आला नाही, काठाला काटक्यांपलीकडे काही लागलं नाही. इकडे मागणी वाढलेली. मी रावसाहेबाला फोन केला तर तो म्हणाला, नदीचं नाय, पण माझ्याकडे दुसरं लाकूड हाय, येऊन बघा.

त्याने जुनी द्राक्षबाग तोडली होती. बांधावर खोडांचा ढीग पडला होता. ज्यांनी द्राक्षाचं म्हातारं खोड पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. पीळ पडलेलं, गाठीगाठींचं, जणू कुणी ओलं कापड पिळून वाळत टाकलंय. त्यातून दोन्ही बाजूंना आडव्या वाढवलेल्या जाड फांद्या, ज्यांना बागायतदार ओलांडे म्हणतात, त्या हात पसरल्यासारख्या दिसायच्या. असं लाकूड नदीने मला कधीच दिलं नव्हतं. मी एकेक उचलून उन्हात फिरवून बघत होतो आणि हे कुठल्या टँकमध्ये कसं बसेल ते डोळ्यांपुढे येत होतं.

रावसाहेब बांधावर बसून तंबाखू मळत होता. तो हसत म्हणाला, "न्या शेठ, सगळं न्या. ह्या लाकडानं तुमच्या माशांना डाऊनी तरी नाय व्हायची."

मीही हसलो. डाऊनी हा द्राक्षाचा रोग. तो येऊ नये म्हणून बागेवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी मारतात. छाटणी झाली की त्याचीच घट्ट पेस्ट करून खोडाला आणि जखमांना फासतात. नाशिक जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. फवारणीच्या दिवसांत निळे हात, निळ्या बनियनी, निळे झालेले ट्रॅक्टर मी लहानपणापासून बघत आलो. आणि मोरचूद म्हणजे तांबं, हेही मला ठाऊक होतं. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके पडतात त्यावर जी औषधं मी विकायचो त्यांतल्या काहींमध्ये तेच असतं. थेंबाने मोजून टाकायचं, आणि टाकण्याआधी टँकमधल्या गोगलगाई काढून घ्यायच्या, कारण त्या पहिल्यांदा मरतात. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगत होतो.

रावसाहेबाच्या त्या वाक्यात सगळं होतं. मी ते टेम्पोत भरलेल्या लाकडाबरोबर घेऊन आलो आणि विसरलो.

मी त्या खोडांना नदीच्या लाकडासारखंच वागवलं. साल काढली, उकळलं, हौदात ठेवलं. नदीचं लाकूड माझ्याकडे येण्याआधी नदीने महिनोन् महिने धुतलेलं असायचं, आणि त्याने कधी औषध पाहिलेलं नसायचं. ही खोडं वर्षानुवर्षं मोरचूद पीत आली होती. उकळून लाकडाचा रंग उतरतो. तांबं तसं उतरत नाही.

त्यातला सगळ्यात देखणा तुकडा मी आबांना दिला.

आबा म्हणजे सुनील गांगुर्डेचे वडील. सुनील सातपूरला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचा, जवळच्याच एका कॉलनीत घर. टँक त्याने हौसेने घेतला होता, पण सांभाळायचे आबा. ते बस डेपोत मेकॅनिक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. दुकानात आले की मला 'मास्तर' म्हणायचे. का ते ठाऊक नाही. एकदा म्हणाले, "मास्तर, इंजिनचं एक बरं असतं, आवाज करून सांगतं. ह्या तुमच्या माशांचं काय, ते तोंड उघडतात पण बोलत नाहीत." त्यांच्याकडे एंजल मासे होते, नाण्याएवढे असताना नेलेले, आता तळहाताएवढे झालेले. हॉलमध्ये बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि तिच्या शेजारी टँक. भिंतीला एक खिळा आणि खिळ्याला एक लाल मग आणि जुन्या सदऱ्याचा कापडाचा तुकडा. तो मग आणि तो तुकडा फक्त टँकसाठी. घरातल्या कुणी त्याला हात लावायचा नाही, कारण साबण लागेल. हा नियम आबांनी मलाच समजावून सांगितला होता, जसा काही मला तो माहीतच नव्हता.

लाकूड बसवायला मी स्वतः गेलो. आबांनी ते दोन्ही हातांत धरून सगळीकडून बघितलं. म्हणाले, "ह्यानं फार सोसलेलं दिसतंय, मास्तर." मी म्हणालो, द्राक्षाचं आहे, असं दुसरीकडे मिळायचं नाही. मासे फांद्यांमधून फिरायला लागले. खरंच सुंदर दिसत होतं ते.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी सुनीलचा फोन आला. सगळे मासे गेले होते.

मी पोचलो तेव्हा आबांनी एंजल एका ताटलीत काढून ठेवले होते. एकाशेजारी एक, नीट, जसे डेपोत सुटे भाग काढून मांडत असतील तसे. सुनील रात्रपाळी करून आलेला, कपडेही बदलले नव्हते. त्याची बायको दाराशी उभी. मी टँकमध्ये वाकून बघितलं. पाणी निवळ होतं, वास नव्हता. पंप चालू होता. मग मी गोगलगाईंबद्दल विचारलं.

आबा म्हणाले, "त्या आधीच गेल्या, मास्तर. दोन-तीन दिवस वर वर चढत होत्या. पाण्याबाहेर यायला बघत होत्या. मी परत आत सोडायचो."

गोगलगाई आधी, मग मासे. ह्याचा अर्थ काय ते त्या खोलीत फक्त मला कळत होतं. मी लाकडाकडे बघितलं नाही. आजही तो क्षण आठवला की हेच आठवतं. मी टँकमध्ये सगळीकडे बघितलं आणि नेमकं लाकडाकडे बघितलं नाही.

सुनील म्हणाला, "काका, कशानं झालं हे?"

ती खोडं तोवर बऱ्याच घरांत गेली होती. माझ्या डोळ्यांपुढे ती घरं आली, दुकान आलं, छातीवर ठेवलेला माझा हात आला. आणि मी म्हणालो, "पाण्यात साबण गेला असणार. हाताला लागलेला, कपड्याला लागलेला. एवढासाही पुरतो."

सुनील आबांकडे वळला. "आबा, काल काच पुसली होती ना तुम्ही?"

"पुसली होती."

"त्याआधी हात कशानं धुतले?"

"नुसत्या पाण्यानं. मी नेहमी..."

"नीट आठवतंय का? जेवून उठला होता तुम्ही."

आबांनी खिळ्यावरच्या मगकडे बघितलं. मग माझ्याकडे. ते माझी वाट बघत होते. मी धंद्यातला माणूस. 'नाही, आबांच्या हातून असं होणार नाही,' एवढं मी म्हणावं म्हणून थांबले होते. मी मासे काढायची जाळी हातात घेऊन तिची गाठ सोडवत बसलो. तिला गाठ नव्हती.

"साबणानंच धुतले असतील," आबा म्हणाले. "असेल. आठवत नाही."

मी टँक रिकामा केला आणि लाकूड बरोबर घेतलं. म्हणालो, ह्यालाही साबण लागला असेल, मी दुसरं देईन, मासेही देईन, पैसे नकोत. सुनील माझे हात हातात घेऊन म्हणाला, "काका, तुमच्यासारखा दुकानदार नाही हो." त्याची बायको म्हणाली, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. मी तो चहा घेतला.

दुकानात आल्यावर शटर अर्धं ओढून घेतलं आणि करवतीने ते खोड मधोमध कापलं. बाहेरून तपकिरी, घासून गुळगुळीत केलेलं. आत एका जुन्या छाटणीच्या जखमेवर लाकूड वाढून मिटलं होतं आणि त्या मिटलेल्या फटीत पेस्ट तशीच होती. निळी. जशी फवारणीच्या दिवसांत माणसांच्या नखांत राहते, तशी. मला ते आधीपासून ठाऊक होतं, तरी बघितल्यावर मी खाली बसलो.

पुढच्या काही दिवसांत मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे गेलो आणि ती खोडं बदलून आणली. कारण सांगितलं, ह्याहून चांगला माल आलाय. एक-दोघांच्या गोगलगाई मेल्या होत्या, मासे वाचले. सगळ्यांना माझं कौतुक वाटलं. रावसाहेबाला मात्र मी सगळं सांगितलं. त्याने तंबाखू थुंकली आणि म्हणाला, "म्या बोललो तर व्हतो शेठ." मग थोड्या वेळाने, "त्या म्हाताऱ्याला सांगितलं का?" मी म्हणालो, सांगणार आहे.

मी सांगितलं नाही. मला वाटलं, मासे गेले, दुसरे देऊ, महिन्याभरात लोक विसरतील. साबण म्हणताना त्या एका शब्दाने पुढे काय होईल ह्याची मला कल्पनाच नव्हती. देऊ केलेले मासे न्यायला कुणी आलं नाही. काही महिन्यांनी सुनील दुकानात आला तेव्हा म्हणाला, टँक काढून टाकला काका. आबांचं आता काही खरं नाही. त्या दिवसापासून त्यांचं विसरणं लक्षात आलं. आम्ही त्यांना गॅसजवळ जाऊ देत नाही. मुलीला शाळेतून आणायचे, तेही बंद केलं. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी विचारलं विसरायला कधीपासून लागले, तर माशांचं सांगितलं. गोळ्या चालू आहेत.

मी गल्ल्यावर बसून ऐकत होतो. समोर गिऱ्हाईक उभं होतं, ते काय मागत होतं ते मला कळेना. एका माणसाचं डोकं ठिकाणावर नाही असं सगळ्या घराने ठरवलं होतं, आणि त्याला पुरावा माझा होता.

त्या रविवारी मी गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. आबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. टँक तिथेच कोपऱ्यात उभा, त्यात चपला. खिळा होता, लाल मग नव्हता. सुनेने चहा आणला आणि आबांचा कप त्यांच्या हातात न देता स्टुलावर ठेवला, अर्धाच भरलेला. सांडतील म्हणून. आबांनी तो उचलला. त्यांचा हात तसूभरही हलत नव्हता.

ती आत गेल्यावर मी तोंड उघडलं. "आबा, त्या माशांचं..."

त्यांनी कप खाली ठेवला. "मास्तर, मीच येणार होतो तुमच्याकडे. पण एकट्याला सोडत नाहीत. तुम्ही एवढे जीव लावून दिलेले मासे, माझ्या हातून असं झालं. तुमचंही नाव खराब झालं असेल. मला माफ करा."

त्यांनी हात जोडले होते. मी त्यांचे हात धरले आणि म्हणालो, "असू द्या, आबा."

हेच म्हणालो मी. माफी मागायला गेलो आणि माफ करून आलो. जिना उतरताना मला काय केलंय ते कळलं. मी वर परत गेलो नाही.

त्यानंतर दोनदा त्या कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. लाकूड विकणं बंद केलं. विचारलं तर सांगायचो, नदीला आता तसं लाकूड येत नाही. मग आबा गेले. निरोप उशिरा मिळाला. भेटायला गेलो तेव्हा सुनील एकटाच हॉलमध्ये होता. म्हणाला, त्रास काही झाला नाही, झोपेतच गेले. मग म्हणाला, "शेवटी शेवटी मात्र एकच धरून बसले होते, काका. सारखं विचारायचे, मी साबण कुठला वापरला होता? घरातले सगळे साबण हुंगून बघायचे. न्हाणीतला, भांड्यांचा, कपड्यांचा. म्हणायचे, ह्यातला कुठला ते आठवलं की सगळं आठवेल."

मला तिथे बोलता आलं असतं. मुलगा समोर होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी आलो.

आता मी जवळपास आबांच्या वयाचा झालो आहे. परवा सून म्हणाली, "बाबा, गॅस बंद केलात ना?" केला होता. तरी मी दोनदा जाऊन बघून आलो. त्याच दिवशी संपादकांना कळवलं की लेख देतो.

सुनील, हे वाचलंस तर तुला माझं तोंड बघावंसं वाटणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण हे तुझ्याआधी आबांसाठी आहे.

आबा, साबण कुठलाच नव्हता. तुम्ही हात नुसत्या पाण्यानेच धुतले होते. तुम्हाला आठवत होतं तेच खरं होतं. लाकूड माझं होतं, आणि मला माहीत होतं. मला माफ करा.